एक्याण्णव दाते

जिना चढताना मामा पायऱ्या मोजायचे आणि वर पोचल्यावर पुटपुटायचे, "अठरा. दोन, तीन, तीन." बसच्या तिकिटावरचा आकडा उतरायच्या आत अवयवांत फोडून टाकायचे. सतरा, तेवीस अशा मूळ संख्यांना हेकट म्हणायचे, पण मायेनं. चष्मा सदऱ्याच्या आतल्या बाजूनं पुसायचे. कुणीही मोजलेलं पुन्हा मोजायचे. लेकीनं मोजलेलं सोडून.

कारखान्यात ते दातेरी चाकं कापत. आकडे फोडतात म्हणून सगळे त्यांना फोडमामा म्हणत.

त्या सकाळी दवाखान्याच्या पाण्याच्या पंपाचं चाक तुटून आलं. दवाखान्याच्या टाकीत संध्याकाळपुरतंच पाणी होतं. लेक डबा द्यायला आली होती, ती थांबली.

फिटरनं तुटक्या चाकाचे दाते मोजले. "एक्याण्णव! मेलो. हा मूळ आकडा, फुटायचा नाही. मामा, नव्वद पाडा. कोण मोजायला बसलंय?"

"शेजारचं चाक बसलंय. आणि न फुटायला काय झालं? तेरा सत्ते एक्याण्णव. पाढे शाळेतच विसरून आलास वाटतं."

मालक जवळ आले. "मामा, कोरी चकती ही एकच. एक दाता चुकला की संपलं."

"माहितेय. म्हणून जरा लांब उभे राहा."

मशीनचं हँडल चाळीस वेळा फिरवलं की चकती एकदा फिरे. दात्यामागे चाळीस भागिले एक्याण्णव फेरी हवी. हँडलमागच्या तबकडीवर भोकांच्या गोल ओळी होत्या, पण एक्याण्णव भोकांची एकही नव्हती. मामांनी खडूनं फरशीवर फोड केली. एकोणचाळीसच्या ओळीत तेरा आहे, एकोणपन्नासच्या ओळीत सात. म्हणजे दोन उड्या. आधी एकोणचाळीसच्या ओळीवर हँडल सहा भोकं पुढे. मग तबकडी अडवून धरणारी मागची खीळ काढून तबकडीसकट एकोणपन्नासच्या ओळीवर चौदा.

"तू दाते मोज," ते लेकीला म्हणाले. "मी भोकं."

काम सुरू झालं. सहा, चौदा, दाता. सहा, चौदा, दाता. मामांचा सदरा पाठीला चिकटला.

"बाबा, पाणी घ्या."

"आकडा?"

"एक्कावन्न."

"मग तोच सांभाळ."

"हात का दाबताय?"

"मुंग्या आल्यात. मोज."

ती मोजत राहिली. त्यांच्या ओठांचा रंग तिला आवडला नाही. साठ. त्रेसष्ट. चौसष्ट.

मामांनी हँडल सहा भोकं पुढे नेलं. मागच्या खिळीला हात घातला आणि तसेच खाली बसले.

फिटरनं मशीन बंद केलं. मालकांनी गाडी काढली. गाडीत चढताना लेक ओरडली, "मशीनला हात लावू नका! चौसष्ट झालेत. सहा झालीत, चौदा राहिलीत!"

मामा वाटेतच गेले.

दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचा फोन वाजला. फिटर होता. त्याला बातमी कळली होती.

"ताई, या वेळी विचारू नये. पण टाकी रिकामी व्हायला आलीय. चौदा मोजताना खीळ आहे ते भोक धरायचं की सोडायचं?"

"सोडायचं."

"नक्की?"

तिनं समोर, मामांना ठेवलेल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

"सोडायचं," ती म्हणाली. "मोठ्यानं मोज. मी ऐकतेय."

पलीकडे फिटर मोजू लागला. सत्तावीस दाते राहिले होते.