चिखलाची शिंपली

मुलांनो, मोठी आजी जेवायला लागली का, असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा मी नुसतं "हो" म्हणाले. ते कसं झालं, ते आता लिहिते.

तुमची मोठी आजी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, इस्पितळातून थेट माझ्याकडे आल्या. आल्यापासून पेज द्या, मऊभात द्या, दोन चमचे झाले की वाटी बाजूला. पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा दाखल करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि परत तिथे जायचं नाही, हे त्यांनी मला येताना रिक्षातच सांगून टाकलं होतं.

मग एका सकाळी त्या आपण होऊन म्हणाल्या, "तिसऱ्यांचं सार करशील काय गो? अख्ख्या घालून."

मी लगेच बाजार गाठला. खाडीच्या ओल्या तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, मिळाल्या. रेती सोडावी म्हणून त्या बादलीत मिठाच्या पाण्यात ठेवल्या आणि कामाला लागले. खरं तर काम होत नव्हतं. नारळ फोडला, खवायचा राहिला. आलं धुतलं आणि कुठे ठेवलं ते विसरले. माझ्या ओट्यावर असं होत नाही. पाय सारखे बादलीकडे वळत होते.

धास्ती एकाच गोष्टीची होती. तिसऱ्यांत एखादी शिंपली मेलेली असते, आत नुसता काळा चिखल आणि तोंड घट्ट मिटलेलं. दिसायला इतरांसारखीच. विळीवर एकेक उघडली तर चिखल दिसतो, फेकून देता येतो. पण अख्ख्या उकळायला टाकल्या की ती भांड्यातच उघडते आणि सगळं सार मातीचं होतं. म्हणून आम्ही शिंपल्या एकमेकींवर आपटून पाहतो. चांगली टणक वाजते, चिखलाची बद्द. जन्मभर मी अशाच निवडल्या. आता कानात यंत्र घातलं की सगळ्याच चमचे पडल्यासारख्या वाजतात, आणि काढलं की सगळ्याच बद्द.

एकदा आपटल्या, यंत्र काढून पुन्हा आपटल्या, मग यंत्र परत घातलं. विळीवर उघडाव्यात का? पण त्यांनी अख्ख्या मागितल्या होत्या, आणि किती दिवसांनी काही मागितलं होतं. पहिलाच घोट मातीचा लागला असता तर त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नसतं.

"काय गो, पायाला चाकं लावलीस काय?" खोलीतून आवाज आला. "सारखी आपली येतेस नि जातेस."

"तिसऱ्या निवडतेय, वहिनी."

"निवडतेस की त्यांच्याशी गप्पा मारतेस? मघापासून तेच ऐकतेय."

मी तिसऱ्या परातीत काढल्या आणि परात त्यांच्या पलंगावर नेऊन ठेवली. "मला ऐकू येत नाही. तुम्हीच बघा."

"म्हणजे आजाऱ्याला कामाला लावणार," त्या म्हणाल्या. पण हात पुढे आला. डोळे मिटून त्या दोन-दोन शिंपल्या वाजवू लागल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी. दमतील, हे मलाच कळायला हवं होतं. मध्येच त्यांनी एक शिंपली माझ्या तळहातावर ठेवली. "ही टाक."

मी ती दगडाने फोडली. आत काळा चिखल.

थोड्या उरल्या असताना त्यांचा हात पडला. "पुरे आता. बाकीच्या तू विळीवर उघड. उगाच जुगार नको."

तसंच केलं. आलं सापडलं, ते ठेचलं, हळद घातली, नारळाचं दूध आणि एक आमसूल. तिसऱ्यांचं पाणी मुळात खारट, म्हणून मीठ घातलं नाही. वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले.

एक चमचा. त्यांनी तोंडातल्या तोंडात घोळवला. दुसरा, तिसरा. मी मोजत नव्हते, पण बसवतही नव्हतं.

"अशी पहारेकऱ्यासारखी उभी राहू नको गो," त्या म्हणाल्या. "भात आण. नुसतं सार किती पिणार?"

भात मी लावलाच नव्हता.

"अर्धा तास लागेल, वहिनी."

"मग लाव की. मी कुठे जातेय?"

मी कुकर चढवला आणि शिट्टी ऐकू यावी म्हणून यंत्र कानात नीट बसवून तिथेच उभी राहिले. सारखं वाटत होतं, भात होईपर्यंत त्यांची भूक टिकेल ना. टिकली.