आधी वाक्य करा

संध्याकाळची धार काढत होते, तेवढ्यात रजा काढून आलेल्या धाकट्या दिराचा सांगलीच्या दवाखान्यातून फोन आला. "वैनी, शालन गेली." मी विचारलं, "कुठं गेली?" असलं कुणी विचारतं का! पण शालन कुठं जाणारी नव्हतीच मुळी…

शालन माझी धाकटी जाऊ. माहेर उंब्रजचं, हायवेला लागून. आमच्या कडेगावच्या मळ्यात नवी आली तेव्हा म्हणायची, "आक्का, हितं एक गाडी सुदिक दिसत न्हाई वो." दीर पलटणीत. घरात आम्ही दोघी, मामंजी आणि चार म्हशी. तिला सरकारी नोकरी पाहिजे होती, आणि भरतीच्या वयाचं शेवटचं वर्ष उरलं होतं. ती वैरण कापायची, मी शेजारी बसून पुस्तकातले प्रश्न वाचायची. माझी शाळा तिसरीपर्यंत. धड वाचायला शिकले ती त्या पुस्तकावरच, बघा. तिला जोडीचे प्रश्न लय आवडायचे. बैलाला दावं, तर कैद्याला काय? चार पर्याय. मी घाईनं म्हणाले, "तुरुंग!" "लगीच उडी घेऊ नका आक्का. आधी वाक्य करा. दावं बैलाला काय करतं?" "बांधतं." "मग तुरुंग बांधतो व्हय? त्यो कोंडतो. बांधती ती बेडी." मी म्हटलं, "मास्तरीणच हायस!" तर म्हणते, "आधी हितनं सुटू तर द्या!"

पेपर सांगलीला होता. घरचं मी बघते, असा शब्द दिला होता. तिची एसटी पलूसला पोचली आणि इकडे मामंजी गोठ्यात घसरून पडले. घाबरून मी फोन लावला. "शाले, माघारी ये गं." ती म्हणाली, "आक्का, शेजारच्यास्नी हाक मारा की. ह्योच शेवटचा पेपर हाय वो." "मला एकटीला न्हाई निभायचं." ती पलूसला उतरली. घरी आली तेव्हा मामंजी बाजेवर बसून चहा पीत होते. खरं सांगते, फोन ठेवला आणि शेजारच्यांनी लगेच त्यांना उठवलं होतं. दुसरा फोन करता आला असता. केला नाही… ती जवळ असली की मला बरं वाटायचं, एवढंच. तिनं साडी बदलली, विळा घेतला. वैरण कापायला गेली. पुस्तक पुन्हा उघडलं नाही. यंदा कावीळ झाली, तीही अशीच मुकाट अंगावर काढली.

पुस्तक अजून गोठ्यातल्या कोनाड्यात आहे. धार झाली की हात पुसून उघडते. त्या प्रश्नात बेडीवर तिची पेन्सिलीची खूण आहे. भेटायला आलेल्या बायका म्हणतात, शालनला घरानं अडकवलं. मीही मान हलवते. त्या गेल्या की तिनं शिकवलं तसं आधी वाक्य करते… घरानं तिला कोंडलं होतं. बांधलं मी.