सुखियानं सांगितलं होतं

जे लिहायला बसले आहे ते आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. दादाजवळ नाही, शाळेतल्या बरोबरीच्या बायकांजवळ नाही. देवापुढेही नाही — त्याला माहीत असेलच, असं म्हणून टाळत आले. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून जमेल असं वाटतं. पाहू.

रडायला येतं का? नाही येत. सुरुवातीला वाटायचं, येईल. मग ते वाटणंही थांबलं. गोठलेल्या बोटाला सुई टोचावी तसं आहे — टोचली हे दिसतं, इतकंच.

आम्ही काशीचे, दुर्गाघाटावरचे. पणजोबा कोकणातून आले ते इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आणि खरं सांगायचं तर घरातली मराठीही अर्धी बाहेरचीच. आम्ही ‘नींद आली’ म्हणायचो, ‘सब्जी चिरली’ म्हणायचो, आणि त्यात काही चुकतंय हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. दादा पाठशाळेत संस्कृत शिकवायचा. मी मुलींच्या शाळेत मास्टरीण होते. बावीस वर्षांची, पत्रिकेत मंगळ, म्हणून लग्न रखडलेलं. आईवडील गेलेले. दादा आणि मी, दोघंच. त्या घरात मालती वहिनी आली — थेट वाईहून.

वहिनी दुष्ट नव्हती. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही माझी बाजू घ्याल. एकोणीस वर्षांची हसरी मुलगी, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणारी, कृष्णेत पोहायला शिकलेली. तिला माझं बोलणं गमतीचं वाटे. “वन्सं, सब्जी नव्हे हो, भाजी!” असं म्हणून ती हसायची. पहिल्यांदा मीही हसले. दहाव्यांदाही हसले. नंतर — मी तिच्यासमोर बोलण्याआधी शब्द चाचपून पाहू लागले. शाळेत चाळीस मुलींना गप्प करणारी मी, आपल्याच स्वयंपाकघरात अडखळू लागले.

पण हे कारण आहे का? नाही. कारण म्हणून सांगत नाही. फक्त आधी काय होतं ते सांगते आहे.

नवरात्र संपलं आणि मोहल्ल्यातल्या तीन मराठी घरांनी मिळून धबधबे बघायला जायचं ठरवलं. चकियाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला, राजदरी आणि देवदरी असे दोन आहेत. तेव्हा राज्य इंग्रजांचं, पण ते जंगल काशीच्या राजाच्या शिकारीसाठी राखलेलं. जंगलावरच्या अंमलदाराची, दरोग्याची, परवानगी लागायची आणि वाटाड्या घेतल्याशिवाय आत सोडत नसत. नावेनं रामनगरला उतरलो, तिथून लॉरीनं चकियाला. धर्मशाळेत संध्याकाळी जेवताना वहिनीनं सगळ्यांसमोर माझी नक्कल केली. “जल्दी जल्दी खा, नाहीतर नींद येईल” — माझाच आवाज, माझाच हात हलवण्याचा ढंग. हुबेहूब. सगळे हसले. ते चाललं असतं. पण दादा हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

सकाळी जंगलाच्या तोंडाशी सुखिया उभी होती. चाळिशीची, तिथल्या कोल जमातीची बाई, काटक, कपाळावर गोंदण. तिचा नवरा जंगलाचा पहारेकरी होता. तो वारल्यावर दरोग्यानं तिला वाट दाखवण्याचं काम दिलं होतं आणि जंगलाच्या कडेला झोपडी राहू दिली होती. ती पुढे चालायची आणि दर थोड्या वेळानं थांबून काहीतरी दाखवायची. सलईच्या सालीतून गळणारा डिंक. साळिंदराचा गळून पडलेला काटा. मोहाच्या बुंध्यावर अस्वलानं ओढलेले ओरखडे. तिची बोली फक्त मला नीट कळत होती, म्हणून मी मागच्यांना मराठीत सांगत होते.

“भालूनं नाखून मारलेत,” मी म्हटलं.

“अस्वलानं नखं, वन्सं,” वहिनी म्हणाली. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुखिया माझ्याकडे बघत राहिली. तिला काय झालं ते कळलं नसावं. की कळलं?

तिथून पुढे मी कमी सांगू लागले. सुखिया चार वाक्यं बोलली की मी एक बोलायची.

राजदरीला पोचलो तेव्हा पाणी भरपूर होतं, पांढरंशुभ्र, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं. पुरुष आंघोळीला गेले, बायकांनी गोवऱ्या पेटवून बाट्या भाजायला घेतल्या. वहिनीला देवदरीही बघायची होती. ती खाली, अर्ध्या कोसावर, वाट उताराची. इतर कुणाला उठायचं नव्हतं. दादा म्हणाला, “कुसुम जाईल ना तुझ्याबरोबर. तिला इथली भाषा येते. ती सांगेल तुला सगळं.”

म्हणून आम्ही तिघी उतरलो. सुखिया, वहिनी, मी.

देवदरीशी पाणी एका अरुंद घळीत पडतं. खाली डोह, आणि डोहात शिरलेला एक सपाट काळा दगड — घराच्या ओट्याएवढा, कोरडा, बसायला बोलावणारा. सुखिया तिथे थांबली. तिनं दक्षिणेकडे बोट केलं. तिकडे डोंगरावर आभाळ काळं झालं होतं. आमच्या डोक्यावर ऊन होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली,

“करियका पथरा पर गोड़ मत धरिहा. पानी मटियाय त तुरंते ऊपर भाग अइहा.”

काळ्या दगडावर पाय ठेवू नका. पाणी मातकट झालं की लगेच वर पळा. इतकं स्पष्ट. वर पाऊस झाला की लोंढा खाली यायला वेळ लागत नाही, गेल्या साली दोन गाई गेल्या, हेही तिनं सांगितलं. मग पुन्हा एकदा, हळू, जणू मी लहान मूल आहे असं — करियका पथरा पर नाहीं. मी मान हलवली.

“काय म्हणते ही?” वहिनीनं विचारलं.

आता — इथे आले. इथवर मी मनात पुष्कळदा आलेली आहे आणि दरवेळी इथूनच परतले आहे.

“काही नाही,” मी म्हटलं. “पाणी गार आहे म्हणते.”

बस. इतकंच. तिला मारायचं होतं का? नाही. असं काही मनात नव्हतं. मला फक्त तोंड उघडायचं नव्हतं. चार वाक्यांत माझे तीन शब्द चुकले असते आणि ते संध्याकाळी धर्मशाळेत पुन्हा ऐकू आले असते. आणि — हेही लिहिते — तिला माहीत नसलेलं काहीतरी मला माहीत आहे, याचं बरं वाटलं होतं. थोडंसं. क्षणभर.

उतारावर घसरतात म्हणून वहिनीनं चपला वरच्या वळणावर सोडल्या होत्या आणि आता पायात काटा गेला होता. सुखिया म्हणाली, मी घेऊन येते. ती निर्धास्त गेली. सांगून झालं होतं ना तिचं.

वहिनी काळ्या दगडावर जाऊन बसली. पाय पाण्यात सोडले. मी घळीच्या कडेला, दहा-बारा हात वर उभी होते. ती मला हातानं बोलवत होती. मी गेले नाही. मला माहीत होतं, म्हणून गेले नाही — हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

मग पाण्याचा रंग बदलला. आधी कडेला, मग मधोमध. मला दिसलं. मला ओरडायचं होतं आणि मी शब्द शोधत होते. मटमैलं — ते हिंदी. मराठीत काय म्हणतात? तो शब्द मला येत होता, शाळेत मी तो वापरला होता. त्या वेळी तो आठवेना. हे खरंच असं झालं, की नंतरच्या वर्षांत मी ते रचलं? मला सांगता येत नाही. किती वेळ गेला तेही सांगता येत नाही. एवढं माहीत आहे की शेवटी मी नुसतं “वहिनी!” ओरडले. तोवर पाण्याचा आवाज माझ्या आवाजापेक्षा मोठा झाला होता. ती पोहणारी मुलगी होती. उठून उभी राहिली, वरच्या बाजूला पाहिलं, आणि मग दगडावर कुणी नव्हतं.

सुखिया चपला टाकून धावत आली. ती कमरेएवढ्या लोंढ्यात उतरली, एका मुळाला धरून, आणि तिलाही पाण्यानं आपटलं. तिचं कोपर फुटलं. मी जागची हलले नव्हते.

वहिनी दुपारी खालच्या वळणावर, जांभळीच्या मुळांत अडकलेली सापडली. कोल माणसांनी तिला वर आणलं. दादानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तो काहीतरी बोलत राहिला. बाट्या जळल्याचा वास येत होता. माझं लक्ष त्या वासाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मशाळेच्या ओसरीवर दरोगा आला. सुखियाला अंगणात उभं केलं होतं, कोपराला चिंधी बांधलेली. ती म्हणाली, “हम कहले रहली. बहिनजी से कहले रहली. पूछ ला.” मी सांगितलं होतं, यांनाच सांगितलं होतं, विचारा.

सगळे माझ्याकडे वळले. दादाही. त्याचे डोळे सुजले होते. त्यानंच तर सांगितलं होतं — कुसुम सांगेल तुला सगळं.

“मास्टरनीजी, इसने आपको बताया था?” दरोग्यानं आदरानं विचारलं.

“नहीं,” मी म्हटलं. “इसने कुछ नहीं बताया. हमें छोड़कर चली गई थी.”

अगदी शुद्ध हिंदी. एकही शब्द अडला नाही.

सुखिया ओरडली नाही. ती दोन पावलं पुढे आली आणि समजावल्यासारखं म्हणाली, “याद करा बहिनजी. भुला गइल होबू. दू बेर कहली.” आठवा, विसरला असाल, दोनदा सांगितलं. घ्या — ती मला वाट दाखवत होती. ‘हो, विसरले’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. घाबरलेली बाई विसरते. कुणी काही म्हटलं नसतं.

“नहीं बताया,” मी दुसऱ्यांदा म्हटलं.

माझं अक्षर चांगलं, म्हणून जबानीही मलाच लिहायला लावली. मी लिहिली. दादानं खाली सही केली. त्याच दिवशी सुखियाची झोपडी मोडली आणि तिला जंगलाच्या हद्दीबाहेर काढलं. आमची लॉरी जंगलाच्या कडेनं निघाली तेव्हा दोन शिपाई छपराचं गवत ओढून काढत होते. ती एका मडक्याशेजारी बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही.

वाईहून वहिनीच्या आईचं पत्र आलं. मालती शेवटी काय बोलली, एवढंच विचारलं होतं. मी लिहिलं, देवाचं नाव घेतलं.

दादानं पुन्हा लग्न केलं नाही. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर सकाळी बसला की त्या अडाणी बाईबद्दल बोलायचा — एक शब्द तिनं सांगितला असता तर! मी शेजारी बसून ऐकायची. तो आयुष्यभर माझ्याशी फार मायेनं वागला. तू नसतीस तर मी वेडा झालो असतो, म्हणायचा. तो गेला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता. तेव्हाही नाही सांगितलं.

एवढं असतं तर एका दिवसाची चूक म्हणता आली असती. पण आणखी एक आहे.

ते झाल्यावर दीड वर्षानं, उन्हाळ्यातल्या एका दुपारी दारात एक माणूस आला. पाय धुळीनं पांढरे, खांद्यावर गमछा. मी ओसरीवर मुलींच्या वह्या तपासत होते. तो सुखियाचा भाऊ होता. चकियाच्या बाजूनं चालत आला होता, दोन दिवस, गल्ल्यागल्ल्यांतून विचारत. त्यानं मला कधी पाहिलेलं नव्हतं. सुखिया त्याच्याकडे राहत होती, पण त्याच्याच घरात खायला पुरत नव्हतं. मास्टरनीनं एक चिठ्ठी दिली, की बाईची चूक नव्हती, तर दरोगा तिला परत जागा देईल. नाहीतर पुढच्या महिन्यात चहाच्या मळ्यांसाठी माणसं गोळा करणारा येणार होता, आणि ती त्याच्याबरोबर आसामात जाणार होती. तिकडे गेलेलं कुणी परत येत नाही, तो म्हणाला.

“मास्टरनीजी का घर इहे हौ न?” त्यानं विचारलं.

माझ्यापुढे दौत होती. टाक हातातच होता.

“वो यहाँ नहीं रहतीं,” मी म्हटलं. “पूना चली गईं.”

“कब अइहें?”

“नहीं आएँगी.”

त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. मग त्यानं पाणी मागितलं. मी लोटीनं वरून ओतलं, तो ओंजळीनं प्यायला, आणि ओल्या हातानंच नमस्कार करून म्हणाला, “जुग-जुग जिया, बहिनी.” गल्लीच्या वळणापर्यंत मला तो दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी दार लावलं. राहिलेल्या वह्या तपासल्या.

संध्याकाळी दादा आला. ओसरीवर तशीच राहिलेली लोटी पाहून त्यानं विचारलं, “कुणी आलं होतं का?”

मी म्हटलं, “नाही.”