ड्रायरखात्यातला उन्हाळा

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी नर्स आहे. सकाळी पोलादपूरहून कंपनीच्या बसने यायचं आणि संध्याकाळी त्याच बसने परत जायचं, यात अर्धं आयुष्य गेलं. माझी खोली कँटीनच्या शेजारी आहे. दोन खाटा, औषधांचं कपाट, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि मी. डॉक्टर ठरलेल्या दिवशी येऊन जातात.

पूर्वी माझ्याकडे येणाऱ्यांची दुखणी ठरलेली असत. डोळ्यात काहीतरी उडालं, बोट चेंगरलं, हातावर ॲसिडचा थेंब पडला. उन्हाळ्यात एखाद्याला भोवळ यायची, लिंबूपाणी दिलं की तो उठून कामाला जायचा. आता होळी व्हायच्या आधीपासूनच दारात माणसं उभी असतात. पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं ठणकतं, मळमळतं. घरी गेल्यावर तरी झोप लागावी, तर पत्रा रात्रभर तापलेला. सकाळी माणूस येतो तोच आदल्या दिवशीचा थकवा घेऊन.

सगळ्यांत वाईट ड्रायरखातं. तिथे ओली पावडर गरम हवेवर सुकवतात आणि सुकलेला माल माणसं हातांनी बाहेर काढतात. औषधाची पावडर अंगावर पडू नये म्हणून डोक्यापासून पायापर्यंत बंद सूट घालायचा, वर हातमोजे आणि मास्क. सूट काढला की आतल्या बनियनमधून घाम पिळून निघतो.

त्या खात्यात उमरठचा एक कामगार होता. चाळिशी ओलांडलेला, अंगाने काटक, बोलायला अगदी कमी. बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसायचा आणि पोलादपूरला उतरून गावाकडची गाडी पकडायचा. एकदा पायात गोळे आले म्हणून तो माझ्याकडे आला, तेव्हा मी विचारलं, "पाणी किती पिता दिवसभरात?"

"पीत नाय, सिस्टर."

"का?"

"प्यायलं की जायला लागतं. मग सूट काढा, हातपाय धुवा, संडास पार तिकडं गोदामाच्या मागं. येऊन परत नवा सूट चढवा. तवर सुपरवायझर चारदा विचारतो, गेला कुठं म्हणून."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस आला की छत्री उघडावी, तसं त्याने ते ठरवून टाकलं होतं. मी इतरांनाही विचारलं. ड्रायरवरचा जवळपास प्रत्येक जण पाणी टाळत होता. पुढच्या सुरक्षा बैठकीत मी हे सांगितलं. मॅनेजरसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्या दिवशी विषय बरेच होते. "पुढच्या वेळी सविस्तर घेऊ," ते म्हणाले. चहा आला आणि बैठक संपली.

ती पुढची वेळ यायच्या आत, एप्रिलमधल्या एका दुपारी, चौघांनी उमरठच्या त्या कामगाराला उचलून माझ्याकडे आणलं. सूट अर्धा काढलेला होता. मी कपाळाला हात लावला आणि तव्याला लागावा तसा मागे घेतला. तो डोळे उघडे ठेवून बडबडत होता, बायकोला हाका मारत होता, बैल सोड म्हणत होता.

सुपरवायझर घाबरलेला होता. "गाडी तयार आहे, सिस्टर. आधी हॉस्पिटलला नेऊ."

"गाडीत त्याचं अंग आणखी तापेल. आधी थंड करायचं. बाहेर घ्या त्याला, सावलीत."

"काही झालं तर कोण जबाबदार?"

"मी आहे. कँटीनमधला सगळा बर्फ आणा."

कँटीनच्या मागच्या ओट्यावर त्याला आडवं केलं. कात्रीने कपडे कापले. बागेचा पाइप लावून अंगावर पाणी सोडलं, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. दोघांना पुठ्ठ्याने वारा घालायला लावलं. कोणीतरी त्याच्या तोंडाला पाण्याचा पेला लावायला गेला, त्याला मी अडवलं, कारण शुद्धीत नसलेल्या माणसाच्या छातीत पाणी जातं. मी ओल्या फरशीवर बसून वितळलेल्या पिशव्या बदलत राहिले. बऱ्याच वेळाने त्याची बडबड थांबली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माल उतरला काय?"

मग आम्ही त्याला गाडीत घातलं.

महाडच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण मूत्रपिंडांना मार बसलाय. लघवी काळ्या चहासारखी होत होती. संध्याकाळी त्याची बायको उमरठहून आली, अंगावर घरचीच साडी, पायांत दोन वेगळ्या चपला. मॅनेजरसाहेब तिथे बाकावर बसून होते. ते उठले आणि तिला म्हणाले, "ताई, आता धोका नाही. खर्चाची काळजी करू नका."

ती त्यांना वळसा घालून पुढे आली. माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "बाय, तिथं येवढं गरम असतं, ता तुमाला सगल्यांना ठाव हुतं ना?"

"होतं," मी म्हटलं.

साहेबांनी ते ऐकलं. हातातली गाडीची चावी त्यांनी खिशात ठेवली आणि ते परत बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पोस्टरचा नमुना होता: भरपूर पाणी प्या, हसऱ्या कामगाराच्या चित्रासह. ते त्यांनी बाजूला सारलं. "काय करायला हवं ते सांगा. जमेल न जमेल ते मी बघतो."

मी सांगितलं. माल काढायचं काम उन्हं चढायच्या आत, सकाळच्या पाळीत उरकायचं. ड्रायरखात्याला लागूनच संडास आणि बसायला एक गार खोली हवी. आत गेलेल्या माणसाला ठरावीक वेळाने बाहेर काढायचं, आणि तेही त्याने मागायची वाट न बघता. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी द्यायची नाही, अंगाला सवय होऊ द्यायची.

"पाळी बदलली की बस बदलते, कँटीन बदलतं. उत्पादनवाले माझ्या अंगावर येतील," ते म्हणाले. चिडून नव्हे, दमून. तरी त्यांनी त्यातलं बरंच केलं. संडास बांधला. जुन्या स्टोअरमध्ये कूलर लावून खोली केली, तिथे कोकम सरबताचा पिंप ठेवला. वरच्या ऑफिसशी भांडून सकाळची पाळी अलीकडे ओढली.

आणि खोली रिकामी राहिली. दारावरून जाणारा आत बसलेल्याला म्हणायचा, "काय रे, नवरी झालास काय?" मग कोण बसणार. सुपरवायझरही विश्रांतीची वेळ झाली की घड्याळाकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचा. मी रोज जाऊन माणसांना बाहेर बोलवायची. ती मास्कच्या आतून हसायची आणि हातानेच सांगायची, पाच मिनिटं.

उमरठचा तो कामगार पावसाळा सुरू होता होता परत आला. डॉक्टरांनी उष्णतेचं काम कायमचं बंद केलं होतं, म्हणून त्याला नव्या स्टोअरमध्ये नोंदी ठेवायला बसवलं. साहेबांची इच्छा होती की त्याने झाल्या प्रकाराबद्दल सगळ्यांसमोर दोन शब्द बोलावेत. तो माझ्याकडे आला.

"मी काय पराक्रम केलाय, सिस्टर? पडलो, इतकंच. लोकं बघतात माझ्याकडं, मला लाज वाटते."

"नका बोलू मग. मी सांगते साहेबांना."

तो बोलला नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत तो आपला डबा घेऊन त्या गार खोलीत जाऊन बसायला लागला. कोणी टोमणा मारला तरी जेवत राहायचा. तो पडला तेव्हा त्याला उचलणाऱ्या चौघांपैकी दोघे आधी येऊन बसले. हळूहळू इतर आले. सगळे नाही.

मग लक्षात आलं की कंत्राटी माणसं येतच नव्हती. गोण्या उचलणारे, टाक्या धुणारे. त्यांच्या ठेकेदाराने सांगितलं होतं की ती खोली कंपनीच्या लोकांची. यावरून साहेबांनी त्याला बोलावून चांगलं सुनावलं. खोली सगळ्यांना खुली झाली, पण ठेकेदाराची माणसं सतत बदलत, आणि प्रत्येक नव्या माणसाला ते पहिल्यापासून सांगावं लागे. अजूनही लागतं.

साहेबांची बदली झाली. जाताना ते माझ्या खोलीत आले, खाटेवर टेकले, स्वतःहून रक्तदाब मोजून घेतला. तो वाढलेलाच होता. "पाळीची वेळ बदलू देऊ नका," ते म्हणाले. जणू ते माझ्या हातात होतं.

नव्या साहेबांनी मागणी वाढली म्हणून दुपारचा माल काढणं पुन्हा सुरू केलं. मी गेले, बोलले, रिकाम्या हाती परत आले, पुन्हा गेले. शेवटी कडक उन्हाचे महिने वगळायचं त्यांनी मान्य केलं. तेवढं मिळालं. उन्हाळा संपतो तोवर सावित्री नदी वाढायला लागते, मग पुरानंतरच्या चिखलात काम करणाऱ्यांचे ताप, पायांच्या जखमा, लेप्टोच्या तापावरच्या प्रतिबंधक गोळ्या वाटणं. एक संपलं की दुसरं दारात.

काल बसमध्ये तो पुढच्या सीटवर होता. केस बरेच पिकलेत. मी विचारलं, मूत्रपिंडांची तपासणी करून आलात का. "आलो," तो म्हणाला. "हाय तसंच हाय. वाढलेलं नाय." पोलादपूर आलं. तो डबा काखेत धरून उतरला आणि उमरठच्या गाडीकडे सावकाश चालायला लागला. मला पलीकडच्या बाजूला जायचं होतं. रस्ता ओलांडायच्या आधी मीही थोडा वेळ स्टँडच्या बाकावर बसून दम घेतला, रोज त्या सगळ्यांना सांगते तसा.