नरसिंहअण्णांच्या प्लॉटवरची फुलं

आमच्या सौम्याला घरात सगळे शिट्टी म्हणतात. नाव मीच पाडलंय. माझ्या धाकट्या बहिणीची लेक, जन्माची दमेकरी. जिना चढून आली की छातीतून असा सूर निघायचा की कुकरनं लाजावं. धूळ, मांजर, उदबत्ती, फुलांचे पराग, सगळ्यांशी हिचं वैर. शाळेत पीटीच्या तासाला हिला झाडाखाली बसवायचे. तो राग हिनं जपून ठेवला आणि तिशी उलटल्यावर सायकल घेतली! डॉक्टरांना विचारून, हं. निघायच्या आधी दम्याचा पंप ओढायचा, सुरुवातीला गोगलगायीसारखं जायचं, तोंडाला मास्क. येलहंक्यातल्या घरापासून न्यू टाऊनातल्या चष्म्याच्या दुकानापर्यंत. तिथं ती डोळे तपासते.

"मावशी, दुकानात पोचते ना, तेव्हा कुणाच्या बापाची नसते मी," म्हणायची.

वाटेत नरसिंहअण्णांचा मोकळा प्लॉट, त्यांच्या घराला लागूनच. अण्णा म्हणजे आमच्या मराठी मंडळाचं मोठं प्रस्थ. प्लॉटवर कमरेएवढं गाजरगवत, बारीक पांढऱ्या फुलांनी गच्च. त्याचा पराग नाकात गेला की हिचा श्वास आवळतो. दुसरा रस्ता बस-लॉऱ्यांच्या धुराचा, म्हणजे आगीतून फुफाट्यात. गवत काढा म्हणून ती कितीदा सांगून आली. अण्णांचं एकच अर्धं कानडी उत्तर, "सरी, सरी, बरं, बघू."

मग पावसानंतर एकदा समोरून टेंपो आला, हिला कडेला त्या गवतात घुसावं लागलं. तिथंच दगडावर बसली, पंप ओढते, ओठ निळे. तेवढ्यात अण्णा स्कूटरवरून आले. थांबले कशाला, तर उपदेश करायला.

"सायकलचे नखरे सोड गं अक्का, रिक्षानं जात जा. स्वल्प गवताला काय घाबरतेस? हिरवळ आहे ती!"

ही नुसती पंप ओढत राहिली. पण नजर! संध्याकाळी हिनं सगळं सांगितलं तेव्हा मी ती नजर पाहिली आणि मनात म्हटलं, मेला आता अण्णा.

"मावशी, रिक्षात नाही बसणार मी. त्यांना तिथं हात जोडायला लावते बघ."

योग कसा पाहा. दिवाळीच्या फराळाला मंडळानं अण्णांचाच सत्कार ठरवला. 'हिरवा नागरिक' म्हणून! प्लॉटवर बिल्डिंग न बांधता हिरवळ राखली, असं त्यांनीच सगळीकडे सांगितलं होतं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. आणि मंडळाचे गुच्छ बांधायचं काम वर्षानुवर्षं कुणाकडे? माझ्याकडे.

हातमोजे घालून, नाकाला पदर बांधून मी प्लॉटवर गेले. मधे दोन गुलाब, भोवती सगळं गाजरगवत. वरून घट्ट सेलोफेन. इतका देखणा गुच्छ मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. सौम्या दोन हात लांबून बघत होती, मास्कमधून हसत होती.

सत्काराला गुच्छ मीच दिला. अण्णा खूश. फोटोवाल्यासाठी कागद फाडला, नाक खुपसलं आणि माइकमध्ये म्हणाले, "किती नाजूक फुलं! कुठून आणली हो, अक्का?"

मागच्या दारापाशी सौम्या उभी राहिली. मास्क काढला नाही, पण आवाज हॉलभर गेला.

"तुमच्या प्लॉटवरून, अण्णा. गाजरगवत आहे ते. ह्यानंच त्या दिवशी माझा श्वास अडकला होता. तुम्ही म्हणालात, घाबरायचं काही नाही. मग धरून ठेवा ना! भाषण होईपर्यंत धरा."

अण्णांची पंचाईत झाली. गुच्छ टाकावा तर घाबरल्यासारखं दिसतं, धरावा तर फुलं नाकाशी. अण्णांनी दोन शिंका दिल्या, अशा की श्रीफळ खाली. पहिल्या रांगेत त्यांच्या बायको अहल्याबाई पदरात तोंड लपवून खुदुखुदू. त्यांनासुद्धा नवऱ्याचा हिशोब चुकता करायचा असावा!

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या हाताला खाज. तिसऱ्या दिवशी प्लॉटवर माणसं. सौम्या रस्त्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या उलट बाजूला उभी राहून हुकूम सोडत होती, "मुळासकट उपटा. बी धरायच्या आधी. जाळू नका, धूर होतो!"

अण्णा घाम पुसत आले आणि खरंच हात जोडले. "झालं ना गं समाधान आता?"

"नाही अण्णा," ती म्हणाली, "पाऊस पडला की परत उगवतं."

आता रोज सकाळी ती अण्णांच्या गेटसमोर येते, एक पाय खाली टेकते आणि घंटी वाजवत राहते. अण्णा लुंगी सावरत गॅलरीत आले आणि प्लॉटवर नजर टाकून "काही नाही, काही नाही" म्हणाले, की मगच पायडल मारते. मी म्हटलं, "पुरे गं, म्हातारा झोपेतून दचकतो." तर म्हणते, "दचकू दे ना, मावशी. मी किती वर्षं श्वास अडकून दचकत होते."