नदीपलीकडचा माळ

कळंब-यवतमाळ बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसणारा तो पन्नाशीचा माणूस मला पक्का जुगारी वाटायचा. मोबाइल छातीशी लपवून सारखे अंगठे चालवायचा. एकदा मी मान लांब करून पाहिलंच. गेममधला घोडेस्वार माळावरून नदीपाशी आला होता. कोपऱ्यात लढाईचं बोलावणं लुकलुकत होतं, अन् हा खाली उतरून घोड्याला पाणी पाजत होता!

"लढत काहून नाही?" मी खेकसलो.

तो चपापला. "लढलो का गेम संपते. आमी तांड्यावरचे बंजारे. पणजा बैलांवर मीठ लादून मुलुख फिरला. मी यवतमाळच्या पुढं गेलो नाही. असा तं फिरतो."

थाप असणार, मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशीही त्याच्या मोबाइलवर नजर ठेवली. नदीपलीकडे काय आहे, ते पाहायचं होतं.