दोन-तीन की तीन-दोन

…अगं नाही, "माझा भाऊ वैमानिक होता" असं नको लिहूस. वैमानिक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर भलताच माणूस येतो. आधी शिंपी लिही. आधी शिंपी होता तो, मग विमानवाला झाला, आणि शिंपी होता म्हणूनच झाला. ते येतंच पुढे. आणि हे बघ, मी बोलताना चुकले तर चुकीसकट लिही. तुझ्या आईसारखं मध्येच नीटनेटकं करायला जाऊ नकोस.

तर तुझा मामाआजोबा. माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. माझं शाळेचं वय झालं आणि नेमका तेव्हाच हा झाला. आई दुकानात वडिलांच्या हाताखाली, मग याला कडेवर कोण घेणार? मी घेतलं. माझी शाळा ती तिथेच राहिली. हा मात्र शिकला. बारावी सायन्सची पास झाला, आणि त्याच वर्षी वडील गेले. सायन्स राहिलं फळीवर आणि हा बसला मशीनवर. एकवीस वर्षं बसला.

मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडेच गेले होते. तुझे आजोबा कामावर गेले, पोरं शाळेत गेली, की मी दुकानात जायची. काजं-बटणं माझ्याकडे. रस्त्यापासून दोन पायऱ्या वर दुकान, काचेचं दार, ते खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले खाकी कागदाचे नमुने, वारा आला की सळसळायचे. खिडकीपाशी माझं बुटकं स्टूल. ओल्या लोकरीवर गरम इस्त्री फिरली की एक वास यायचा बघ, तो आता कुठे येतच नाही. मी कधीकधी मुद्दाम ओल्या कापडावर इस्त्री फिरवून बघते. नाही येत.

माप घ्यायला हा, लिहून घ्यायला मी. हसू नकोस. अक्षर येत नव्हतं, पण टेपवरचे आकडे ओळखायचे मी. शून्य ते नऊ, दहा तर तोंडं, त्यात काय कठीण? तोंडाने मोजायला मला शंभरपर्यंत येतं. पण लिहिलेले दोन आकडे शेजारी शेजारी बसले की दोघांचं मिळून नाव काय, ते माझ्या डोळ्यांना कधी जमलं नाही. हा म्हणायचा, "छाती अडतीस." मी त्याच्या अंगठ्याशी टेप बघायची आणि म्हणायची, "तीन-आठ," आणि तसं लिहायची. तो "बाही तेवीस," मी "दोन-तीन." एक गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, तुमच्या ताई माझा टेलिफोन नंबर लिहून घेतायत का?" सगळं दुकान हसलं. मीही हसले. माप कधी चुकलं नाही आमचं.

मग ते कॅप्टन आले. गावाबाहेर विमान शिकवायची शाळा होती, तिथले मुख्य. शर्ट खांद्यात ओढतो, खांद्यावरच्या पट्ट्या वर उचलल्या जातात, तीन शिंप्यांना दाखवून झालं, म्हणाले. याने त्यांना खुर्चीवर बसवलं. म्हणाला, "विमान चालवताना हात कसे असतात? तसे धरा." ते गृहस्थ धरून बसले हात पुढे, आणि याने बसल्या बसल्या माप घेतलं. "बसून काम करणाऱ्याचं माप उभं राहून कशाला घ्यायचं?" म्हणाला. कापताना खांद्याची शिवण अर्धा इंच पुढे सरकवली. शर्ट असा बसला की कॅप्टन आरशासमोरून हलेनात. मग त्या शाळेतले सगळेच आमच्याकडे यायला लागले, आणि एकदा कॅप्टन याला म्हणाले, "चला मास्तर, तुम्ही शिवलेलं कुठे वापरतात ते तरी बघा."

घेऊन गेले वर. अर्धा तास असेल. परत आला, मशीनवर बसला, सुईत दोरा ओवला, आणि पाय काही पायट्यावर ठेवेना. मी म्हटलं, "काय रे, चक्कर येतेय का?" म्हणाला, "ताई, आपलं दुकान वरून एवढंसं दिसतं." आणि बोटावरचं अंगुस्तान काढून दाखवलं, एवढंसं.

डोक्यात खूळ शिरलं ते शिरलंच. कॅप्टनना विचारून आला. सायन्सची बारावी चालते, डोळे आणि हृदय धड हवं, वयाला आडकाठी नाही. वय चाळिशीला एक कमी. डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं तर विचारतो कसा, "तुम्ही काम काय करता?" हा म्हणाला, "काळ्या कापडावर काळा दोरा." डॉक्टरने पुढचं काही विचारलंच नाही.

मला त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं. मी काज करत होते, मान वर केली नाही. म्हटलं, "कापड कापून मन भरलं नाही, आता आभाळ कापायला निघालास." लागेल असंच बोलले. माझं पण होतं ना गं ते दुकान. नाव त्याचं, पण स्टूल माझं होतं. सहा महिन्यांनी दुकान एका चष्मेवाल्याकडे गेलं, मशिनी माझ्या घरी आल्या, आणि हा चाळिशीचा घोडा विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर जाऊन बसला. माझी भावजय एका दवाखान्यात नाव लिहून घ्यायच्या खिडकीवर होती, तिच्यावर घर चाललं. ती एक शब्द बोलली नाही त्याला. मला मात्र म्हणायची, "वन्सं, माझा नवरा रात्रंदिवस पुस्तकात. सवतीशी निदान भांडता तरी आलं असतं."

विमान हाताला लगेच आलं त्याच्या. कॅप्टन म्हणायचे, हात सोन्याचा आहे. सगळी गाडी अडली ती एका जागी. आता नीट ऐक, हे तुला कळलं पाहिजे.

त्या विमानतळावर दोन धावपट्ट्या, उघड्या कात्रीसारख्या एकमेकींवरून गेलेल्या. टोकांना नंबर. एकीच्या एका टोकाला दोन-तीन, दुसरीच्या एका टोकाला तीन-दोन. वारा असेल तशी पट्टी वापरायची. टॉवरवरचा माणूस रेडिओवर इंग्रजीत सांगणार, एकेक आकडा सुटा: "रनवे टू-थ्री." आणि विमानवाल्याने तेच जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे त्यालाही कळलं की ऐकलंस ते बरोबर. हा काय करायचा? कानावर पडलं टू-थ्री, की डोक्यात त्याचं व्हायचं तेवीस. एकवीस वर्षं बाही तेवीस, बाही तेवीस केलेलं. आणि तेवीस म्हणताना आधी तीन, मग वीस. मग तोंडातून काय येणार? "थ्री-टू."

टॉवरवाला सुधारायचा, शेजारी कॅप्टन असायचे, निभावून गेलं दोन-चार वेळा. पण शेवटच्या परीक्षेला बाहेरचे साहेब शेजारी बसलेले, आणि याने नुसतं चुकीचं म्हटलं नाही, विमानसुद्धा त्या चुकीच्या पट्टीकडे वळवलं. साहेबांनी हातातून काढून घेतलं. नापास. सहा आठवड्यांनी परत बोलावलं, आणि कॅप्टननी याला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, आता चुकलात तर तिसऱ्यांदा मी तुमचं नाव पाठवणार नाही. तुमचा राग नाही मला. पण तुम्ही वर असताना मला खाली चहा गोड लागला पाहिजे."

दुकान गेलेलं, वय गेलेलं, आणि हे असं. तो दुपारी माझ्याकडे आला. मी पडदे शिवत होते, टेबलावर टेप पसरलेली. बसला, सगळं सांगितलं. मी म्हटलं, "मला इंग्रजी येत नाही. तू मला टेपवर दाखव, कुठे चुकतोस."

त्याने बोट ठेवलं. "हे. तेवीस."

"हे तर दोन-तीन."

"तेच गं. तेवीस."

"अरे, मग आधी तीन कशाला म्हणतोस? टेपवर आधी दोन आहे. तुम्ही शिकलेली माणसं वाचता सरळ आणि बोलता उलट. मला तर हे कधी कळलंच नाही, पण म्हटलं, आपण अडाणी, आपल्याला कोण विचारतंय."

त्याने टेप माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "ताई, परत म्हण."

"काय?"

"हे. आणि हे. सगळी टेप म्हण."

मी म्हटली. एक-शून्य, एक-एक, एक-दोन, पार सहा-शून्यापर्यंत. तो माझ्या मागून. मध्येच अडखळायचा, "एकेचा—" की मी हातावर पट्टी मारायची. खरंच मारायची, लाकडी. लहानपणी कडेवर घेतलेला, तेवढा हक्क होता मला. हसत होतो दोघं, पण त्याचे कान लाल झालेले. म्हणाला, "तुझ्यासारखं दिसायला हवं मला. आकडे जोडायचेच नाहीत."

मग सहा आठवडे रोज. मी म्हणायची, त्याने ऐकून तस्संच परत करायचं. आधी आपल्या भाषेत, मग मला टू-थ्री शिकवलं आणि तसं. बसचे नंबर, दारांचे नंबर, कॅलेंडर. तुझे आजोबा विचारायचे, "किती वाजले?" आम्ही दोघं एकदम, "एक-सात-तीन-पाच." ते कपाळाला हात लावायचे. भावजय म्हणाली, "वन्सं, नवरा शिकून मोठा होतोय म्हणून मी गप्प होते. तुम्ही तर त्याला अडाणी करून परत देताय." मी म्हटलं, "थोडाच वेळ. पास झाला की शिकवून घे परत."

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. ऑफिसच्या खोलीत एक लांब बाक, भिंतीवर नकाशा, कोपऱ्यात रेडिओ, त्यातून वरचं बोलणं ऐकू यायचं. टेबलाशी एक बाई कागदांना भोकं पाडत बसलेली. विमान वर गेलं. तासभर नुसती खरखर आणि भलत्यांचे आवाज. मला सकाळी कॅप्टननी सांगितलं होतं की आज दोन-तीनच चालू आहे. म्हणून मी मनातल्या मनात टू-थ्री, टू-थ्री धरून बसलेली.

शेवटी उतरायची वेळ झाली. टॉवरवाला काहीतरी बोलला, आणि नेमकी तेव्हाच त्या बाईने ते भोकं पाडायचं यंत्र दाणकन दाबलं. मला ऐकू आलं नाही. मग धाकट्याचा आवाज आला. शांत, गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलवायचा तसा.

"रनवे थ्री-टू."

भावजयीने माझं मनगट असं धरलं की चार दिवस वळ होता. मला एकच दिसत होतं, तो परत मशीनवर बसलाय, आणि मशिनी माझ्या घरी, म्हणजे माझ्याच डोळ्यांसमोर बसणार. आणि तुला खरं सांगते, एका क्षणाला मला बरंसुद्धा वाटलं. माझं स्टूल मला परत मिळालं असतं ना. मग माझीच मला लाज वाटली.

विमान उतरलं. बाहेर पायऱ्यांवर कॅप्टन उभे होते, त्यांना मी तोंडच दाखवेना. तेच म्हणाले, "काय ताई, वारा ऐन वेळी फिरला. टॉवरने पट्टी बदलून तीन-दोन दिली. मला वाटलं, सवयीने आता दोन-तीन म्हणतोय की काय. पण नाही. जे दिलं तेच परत केलं."

तो आला, डोक्यावरचं ते कानाचं काढत. भावजय आत नळावर तोंड धुवायला गेलेली. माझ्याशेजारी बाकावर बसला, म्हणाला, "ताई, ऐकलंस ना?" मी म्हटलं, "ऐकलं." "घाबरलीस?" मी म्हटलं, "छे. मला ठाऊक होतं तू बरोबर म्हणणार." तेव्हा रडला गं तो. वडील गेले तेव्हा नव्हता रडला.

पुढे चोवीस वर्षं उडवलं त्याने. मोठी विमानं नाहीत, लहानच. टपाल, औषधं, कधी पंधरा-सोळा माणसं. गेल्या महिन्यात हृदयाचा कागद काही पास झाला नाही, तेव्हा थांबला. आता घरी बसून असतो, भावजय म्हणते, फारसं बोलत नाही. पण कुणी आलं-गेलं की एक गोष्ट अजून सांगतो: त्या दिवशी मला स्वतःला खात्री नव्हती, पण ताईला होती. दर अवघड दिवशी वर तेच आठवायचो, म्हणतो.

तेव्हा तू असं कर. हे नेऊन त्याला दे. त्याच्यासमोर बसून वाच, चष्मा शोधत बसेल नाहीतर. आणि सांग, ताईने निरोप दिलाय: मला काही खात्री-बित्री नव्हती. मला वाटलं होतं, तू चुकलास. इतकी वर्षं बोलले नाही, कारण तू वर असायचास. आता खाली आलायस, आता ऐकलंस तरी चालेल.